जट, जोहार आणि दाखला

एस.टी.त शेजारी एखादी वडीलधारी बाई येऊन बसली, की ती प्रथम गाव विचारते. मग आडनाव विचारते. आडनावावरून उलगडा झाला नाही, तर थोडे थांबून “म्हंजी तुम्ही कोण?” असे विचारते. ह्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावरच पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा पुढे करायच्या की नाही, हे ती ठरवते. आपल्यापैकी पुष्कळांनी हा अनुभव घेतला असेल. प्रश्न साधा आहे, विचारणारीच्या मनात वाकडे काही असतेच असे नाही. पण उत्तर देणाराने आयुष्यात काय केले, काय वाचले, त्याला काय व्हायचे आहे, ह्यांपैकी काहीही त्या उत्तरात येत नाही. ते उत्तर त्याच्या जन्मापूर्वीच तयार झालेले असते.

समाजशास्त्राच्या पुस्तकात दर्जाचे दोन प्रकार दिलेले आहेत. जन्माने मिळतो तो अर्पित दर्जा आणि स्वतःच्या प्रयत्नाने मिळवावा तो अर्जित दर्जा. चार ओळींत हे लिहिले आणि दोन उदाहरणे दिली, की परीक्षेत गुण मिळतात. परंतु आपल्याला ‘अर्पण’ झालेली गोष्ट नको असेल तर ती परत करता येते काय, आणि करायची तर नेमकी कोणाच्या हाती, ह्याविषयी पुस्तक गप्प आहे. आपल्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न अशा लोकांनी विचारला की ज्यांच्या हाती पुस्तक नुकतेच आले होते, किंवा आलेच नव्हते. त्याविषयी मला जे समजले ते येथे मांडते.

आरंभ पोतराजापासून करते, कारण तो मला घरातून ठाऊक आहे.

पोतराज हा मरीआईचा, लक्ष्मीआईचा भक्त. त्याला कडकलक्ष्मीवाला असेही म्हणतात. कमरेला चोळखणांचे रंगीबेरंगी आभरान, पायांत घुंगरू, अंग उघडे, कपाळभर हळदीकुंकवाचा मळवट, हातात जाडजूड कोरडा, आणि डोक्यावर कातर न लागलेले केस. सोबत बायको, तिच्या डोक्यावर देवीचा देव्हारा आणि काखेला ढोलके. दारासमोर उभे राहून तो कोरडा आपल्याच अंगावर ओढतो. मग घरातून सुपात जोंधळे येतात, बाजरी येते, कधी एखादे जुने लुगडे येते. शहरात वाढलेल्या मुलांना हे स्नेहसंमेलनातले सोंग वाटते. पार्थ पोळके ह्यांनी आपल्या आत्मकथनाला ‘आभरान’ हेच नाव दिले आहे. ते वाचले म्हणजे सोंग आणि संसार ह्यांतला फरक कळतो.

पोतराज बहुतेक करून मातंग समाजातले. मूल जगत नसले, दुखणे हटत नसले, की आईबाप नवस बोलत आणि मुलगा देवीला सोडला जाई. त्या दिवसापासून त्याच्या केसांना फणी नाही. धुळीत, घामात आणि तेलात केस एकमेकांत गुंतत जातात आणि त्यांचे दोरासारखे पेड होतात. ती जट. देवी केसांत आली, असे म्हणतात. न विंचरलेल्या केसांचे कोणाच्याही डोक्यावर हेच होईल, हे समजायला फार मोठे विज्ञान लागत नाही. परंतु एवढे सांगून जट उतरत नाही. कारण त्या जटेवर घरात धान्य येते. शिवाय एरवी ज्या माणसाला अंगणाच्या कडेला उभे केले जाते, त्याच्यासमोर आषाढात पाटलाची सूनही पदर पसरते. जटेखेरीज दुसरे काही त्या माणसाला हा मान मिळवून देत नव्हते. तेव्हा जट काप म्हणणे म्हणजे त्याला धान्य सोड आणि वर्षातून महिनाभर मिळणारा मानही सोड, असे म्हणण्यासारखे होते.

मला वाटते, जुनी ओळख सोडण्याविषयी आपण बोलतो तेव्हा येथेच आपली गफलत होते. ओळख ही मनातली एक समजूत आहे, ती बदलली की माणूस मोकळा, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ओळख केसांत असते, लुगड्याच्या काष्ट्यात असते, धान्याच्या वाट्यात असते, वस्तीच्या नावात असते, आणि आता कचेरीतल्या कागदातही असते. ती सोडायची म्हणजे ह्या प्रत्येक ठिकाणची गाठ वेगवेगळी सोडवावी लागते, आणि काही गाठींचे दुसरे टोक भलत्याच माणसाच्या हातात असते.

पोतराजाची गाठ सोडवणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात झाला. एकनाथ आवाड. कार्यकर्ते त्यांना जिजा म्हणत. जन्म १९५६ सालचा, गाव दुकडेगाव, घर मातंगाचे आणि वडील पोतराज. शिकून कार्यकर्ता झालेल्या ह्या मुलाने आरंभीच जे काम केले, ते घरातले होते. त्याने आपल्या वडिलांची जट कापली आणि त्यांची पोतराजकी थांबवली. पुढे तेलगावला राहून त्यांनी मानवी हक्क अभियानाचे काम मराठवाडाभर पसरवले. २०१५ साली ते वारले. ‘जग बदल घालुनी घाव’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे आणि जेरी पिंटो ह्यांनी ते इंग्रजीतही नेले आहे.

जट कापण्याची हकिगत आमच्या भागात अनेकांना तोंडपाठ आहे. तिच्यापुढची हकिगत मात्र कमी सांगितली जाते, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. आवाडांचे आयुष्यातले सर्वांत मोठे काम जटेचे नव्हते, जमिनीचे होते. गावोगावच्या गायरानावर दलित कुटुंबांनी पेरणी करावी आणि ती जमीन त्यांच्या नावे व्हावी, ह्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. तो कागदावरून शेतात उतरवताना मारहाणी झाल्या, उभी पिके मोडली गेली, खटले चालले. जट आणि गायरान ही दोन वेगळी कामे वाटतात, पण ते एकच काम आहे. सुपातले जोंधळे सोडायला सांगणाऱ्याने जोंधळे पेरायला जागा कुठे, हेही सांगितले पाहिजे. नुसते प्रबोधन करून निघून जाणारे वक्ते आपण पुष्कळ पाहिले आहेत.

तरीही एक शंका मनात राहते. बापाची जट मुलाने कापली. निर्णय मुलाचा होता, केस बापाचे होते. मग ही ओळख जाणीवपूर्वक सोडली गेली, असे म्हणायचे काय? ज्याने सोडली त्याची जाणीव, की ज्याने सोडायला लावली त्याची? ज्या मुलाला लहानपणी न विचारता देवीला सोडले, त्याला म्हातारपणी न विचारता देवीकडून परत आणणे, ह्यात कुठे तरी साम्य आहे असे मला वाटते. मी हे टीका म्हणून लिहीत नाही. अशा वेळी घरातल्या कोणी तरी कातर उचलल्याशिवाय ती कधी उचलली जात नाही, हेही मी पाहिले आहे.

ह्या शंकेचे उत्तर शोधताना मला बाबासाहेब आंबेडकरांच्या कामाची रीत आठवते. १९५६ चे धर्मांतर सर्वांना माहीत आहे. पण त्याची तयारी कशी झाली, हे वाचताना मला नवल वाटले. १९२७ च्या डिसेंबरात महाडला सत्याग्रह परिषद भरली होती. तेथे स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी धर्माचे तत्त्वज्ञान सांगितले नाही. लुगडे कसे नेसावे हे सांगितले. ज्या नेसणीवरून आणि गळ्यातल्या, हातांतल्या ज्या जाडजूड दागिन्यांवरून जात लांबून ओळखू येते, ते टाकून द्या, असे त्यांचे म्हणणे होते. अनेक स्त्रियांनी त्याप्रमाणे केले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडलाच मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याविषयी ते बोलले होते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी महार वतनाविषयीचे विधेयक आणले, कारण थोड्याशा जमिनीच्या मोबदल्यात घरादाराला रात्रंदिवस राबवणारे ते वतन म्हणजेच गळ्यातला दोर आहे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणजे नेसण, अन्न, वतन. गाठी एकेक करून सोडवणे चालले होते, आणि सोडवणारे हात ज्याचे त्याचे होते.

मग १३ ऑक्टोबर १९३५. नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या परिषदेत त्यांनी जाहीर केले, की आपण हिंदू म्हणून जन्मलो हे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही. ह्या घोषणेपासून दीक्षेपर्यंत एकवीस वर्षे गेली. माझ्याहून दोन वर्षे जास्त! एवढा काळ का लागला, असे कोणी विचारील. सोडायचे हे ठरले होते, जायचे कुठे हे ठरायचे होते. १९३६ साली मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची कारणे लोकांपुढे सविस्तर मांडली. ‘मुक्ती कोन पथे?’ ह्या नावाने ते भाषण प्रसिद्ध आहे. त्याच काळात शीख धर्माचाही विचार झाला. माणसांना आधी कारणे सांगायची, पटवायची, वाद घालू द्यायचा आणि मग वाट पाहायची, हे राजकारणी माणसाला न परवडणारे काम त्यांनी केले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला महास्थविर चंद्रमणी ह्यांच्याकडून बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी दीक्षा घेतली, आणि नंतर लाखो लोकांना बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा दिली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञा आपण भिंतींवर लिहिलेल्या पाहतो, पण त्यांचा क्रम क्वचितच लक्षात घेतो. आरंभीच्या प्रतिज्ञा नकाराच्या आहेत, अमुक देवाला मानणार नाही, अमुक विधी करणार नाही. मधल्या प्रतिज्ञा वागणुकीच्या आहेत, चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही. आणि जुना धर्म सोडतो हे स्पष्ट वाक्य येते एकोणिसाव्या प्रतिज्ञेत. आपला नवा जन्म होत आहे ही प्रतिज्ञा एकविसावी आहे. म्हणजे आधी रिकामे करायचे, मग भरायचे, आणि त्यानंतर नाव बदलायचे. माझ्या मनातल्या शंकेचे उत्तर मला येथे मिळाले. प्रत्येक प्रतिज्ञा ‘मी’ ह्या शब्दाने उच्चारायची आहे. लाखोंच्या गर्दीतही दुसऱ्याच्या वतीने ती म्हणता येत नाही.

जाता जाता एक गंमत सांगते. त्या १४ ऑक्टोबरला आपला बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबरला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. त्याआधी १९४८ पर्यंत आपण निजामाचे रयत होतो. बारा वर्षांत बीडच्या माणसाची ओळख तीनदा बदलली. त्यासाठी पुष्कळांनी लढे दिले हे खरे, पण रानात औत धरणाऱ्याला ती एके दिवशी सकाळी कळली.

दीक्षेनंतर गावात काय झाले, हे आमच्या गावच्या बौद्धवाड्यातल्या एका वृद्धाकडून मी ऐकले. पूर्वी वाटेत कोणी भेटला की जोहार घालावा लागे. जोहार गेला आणि जय भीम आला. हा शब्द रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना दिले जाते. जोहार खाली वाकून घालायचा असतो, जय भीम उभ्यानेच म्हणता येतो, एवढा एक फरक सांगून आजोबा बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, “पोरी, ढोरं वडणं सोडलं तवा गावानं बलुतं बंद केलं. मंग आमी खडी फोडायला गेलो.” खडीनंतर बहात्तरच्या दुष्काळातली कामे आली आणि दुष्काळानंतर साखर कारखान्यांची ऊसतोड. त्यांनी जाणूनबुजून एक ओळख टाकली. दुसरी, म्हणजे ऊसतोड्याची, त्यांना कोणी न विचारता चिकटली. तिच्याविषयी प्रतिज्ञा अजून कोणी लिहिलेली नाही.

आता कागदाकडे वळते. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या सुमारे २,५०० होती. १९६१ साली ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली आणि २०११ साली सुमारे ६५ लाख. आकडे भराभर बदलले, नियम मात्र बदलले नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ साली त्यांत सर्व शीख दलित आले. बौद्ध झालेल्यांच्या केंद्राकडच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र शासनाने १९६० पासून राज्यापुरत्या त्या दिल्या, पण केंद्राच्या कायद्यात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! एका पिढीने केंद्राची नोकरी, शिष्यवृत्ती ह्यांवर पाणी सोडून जनगणनेच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले. ओळख फुकट सोडता येत नाही, ह्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

कचेरीने ह्या लोकांना ‘नवबौद्ध’ असे नाव दिले आणि ते आजही शासकीय योजनांच्या नावांत आहे. आपल्याकडे नवी नवरीसुद्धा वर्षसण झाले की नवी राहत नाही. ज्यांची तिसरी-चौथी पिढी आज महाविद्यालयात बसते, ते नवे कसे? ‘नव’ ह्या शब्दात ‘मूळचे कोण ते आम्हाला ठाऊक आहे’ असा एक सूर आहे. एस.टी.तल्या बाईचा तिसरा प्रश्नच तो, फक्त कचेरीच्या भाषेतला.

येथे आमचे काही मित्र चर्चेत नेहमी एक मुद्दा काढतात. जात सोडली म्हणता, मग जातीचा दाखला कशाला काढता? मुद्दा वरवर बिनतोड दिसतो. पण दाखला म्हणजे काय? मला तो पंचनाम्यासारखा वाटतो. घर जळाले त्याचा पंचनामा घरमालक जपून ठेवतो, म्हणून त्याला जळालेल्या घरातच राहायचे आहे असे होत नाही. भरपाई पुरी झाली की तो कागद आपोआप निरुपयोगी ठरेल. भरपाई पुरी झाली की नाही हे मात्र ज्याचे घर जळाले नाही त्याने ठरवू नये. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने पुढच्या जनगणनेत सर्वांची जात मोजण्याचा निर्णय घेतला. तेव्हा हा वाद घरोघर होणार, ह्यात शंका नाही.

नावांच्या बाबतीत आपले विद्यापीठच साक्षीला आहे. १९७८ च्या जुलैमध्ये नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. आपल्या पदवीपत्रावर जे नाव येणार आहे त्याच्यासाठी माणसे मेली आहेत, हे पदवी घेताना आठवावे. २०२० च्या डिसेंबरात राज्य शासनाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर अशा पाट्या लागल्या. आमच्या गावातही पाटी आहे. दूधवाला मात्र अजून जुन्याच नावाने पत्ता सांगतो. गाठीचे दुसरे टोक भलत्याच माणसाच्या हातात असते असे जे वर म्हटले, ते हेच.

ज्यांच्यावर अस्पृश्यतेचा भार नव्हता अशांनीही आपल्याकडे हा विचार केला, हे नोंदवले पाहिजे. बीडचे हनुमंत उपरे ह्यांनी सत्यशोधक ओबीसी परिषदेमार्फत ओबीसींनी बुद्धाकडे वळावे अशी मोहीम चालवली. २०१५ साली ते वारले, पण त्यांच्या मागे २०१६ च्या डिसेंबरात ओबीसी कुटुंबांनी नागपूरला दीक्षा घेतली. आणि आवाडांनीही २००६ साली, नागपूरच्या धर्मांतराला पन्नास वर्षे होत असताना, बौद्ध धम्म स्वीकारला. जट कापल्यानंतर किती वर्षांनी! आधी रिकामे करायचे आणि मग भरायचे, हा क्रम त्यांच्याही आयुष्यात दिसतो.

आता ज्या कारणाने हा विषय मी निवडला ते सांगते. माझ्या मावशीचा धाकटा मुलगा सात वर्षांचा आहे. तो तान्हा असताना फार आजारी होता. आजीने नवस बोलला, आणि त्याच्या डोक्याला कातर लागली नाही. आज त्याच्या मानेवर हाताएवढी जट आहे. शाळेत तो शेवटच्या बाकावर बसतो, कारण मागून कोणी ओढू नये. गेल्या दिवाळीत मी मावशीला वर लिहिलेले सगळे सांगितले, येवला, नागपूर, दुकडेगाव. मावशीने ऐकून घेतले. ती म्हणाली, “तुझं खरं हाय. पर त्येला काय झालं तर तू येणार हायस का दवाखान्यात?” मी येईन म्हणाले. तिने मान हलवली, पण कातर काढली नाही.

त्यानंतर पोराला कोणी तरी विचारावे असे मलाच वाटले आणि मी विचारले. तो म्हणाला, केस जाऊ दे, पण ढोलके राहू दे, ते मला वाजवता येते. हे उत्तर मला अपेक्षित नव्हते. जे टाकायचे त्यातले काही त्याला आवडतेही आहे, आणि ते त्याचे त्याने निवडले आहे.

गेल्या महिन्यात आजीने होकार दिला. देवीला पुरणाचा नैवेद्य दाखवून, तिचा निरोप घेऊन, आषाढाच्या आत जट काढायची, अशी तिची अट आहे. मावशीला नैवेद्य मान्य नाही. ती म्हणते, सोडायचे तर सरळ सोडा, देवीची परवानगी कशाला? मला दोघींचेही पटते. आजोबांनी स्वतः वळलेला कोरडा अजून आढ्याला टांगलेला आहे. त्याचे काय करायचे ह्यावर घरात अद्याप एकमत झालेले नाही.